इशारा कोण देतो? बेलापूरच्या एका तालवाद्य महोत्सवातल्या दोन संध्याकाळी

बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, एका मोकळ्या पटांगणात, गेल्या डिसेंबरात दोन दिवसांचा तालवाद्य महोत्सव झाला. दिवसा कार्यशाळा, संध्याकाळी सात ते दहा देशोदेशीचं संगीत आणि नृत्य. पहिल्या संध्याकाळी पश्चिम आफ्रिकी नृत्याचा प्रयोग भर रंगमंचावर विस्कटला. दुसऱ्या संध्याकाळी त्याच कलाकारांनी, त्याच रंगमंचावर, तोच प्रयोग केला आणि लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. मधल्या वेळात काय बदललं आणि त्यातलं नेमकं काय कामी आलं, याची ही नोंद आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमांचा मंच-समन्वयक म्हणून मी दोन्ही दिवस विंगेत उभा होतो. रंगमंचाचा आराखडा आयोजक मंडळाने एका ध्वनी-प्रकाश कंत्राटदाराकडून करून घेतला होता आणि तो आमच्या हाती तयारच आला.

आराखडा आपल्याकडे सगळीकडे असतो तसाच होता. मागे दोन फूट उंच चौथरा, त्यावर सगळे वादक. पुढचा सगळा भाग नाचणाऱ्यांना मोकळा. समोर मधोमध पाहुण्यांचे सोफे, त्यामागे खुर्च्या. दोन्ही कडांना मोठे स्पीकर. ऑर्केस्ट्राला ही मांडणी चालते, बॉलिवूड नृत्याला तर उत्तम चालते, कारण तिथे गाणं आधीच ठरलेलं असतं आणि नाच त्यावर बसवलेला असतो.

पहिल्या दिवशीचा क्रम असा होता : दिवाळे कोळीवाड्यातल्या महिलांचं कोळीनृत्य, जव्हारकडचं तारपा पथक, स्पेनचं फ्लॅमेन्को, मग गिनी देशाच्या परंपरेतलं जेंबे (हाताने वाजवायचा ढोल) आणि डुनुन (काठीने वाजवायचे ढोल) यांचं वादन-नृत्य, आणि शेवटी ढोल-ताशा. कोळीनृत्य छान झालं. प्रेक्षकांत निम्मं बेलापूर गाव होतं, त्यामुळे टाळ्या ठेक्यातच पडत होत्या.

विस्कटलेला प्रयोग

आफ्रिकी पथकाचा प्रमुख मूळचा गिनीचा, अनुभवी जेंबेवादक. सगळे त्याला सर म्हणायचे. बाकीचं पथक इथलंच : तीन डुनुन वाजवणारी मुलं आणि नेरुळ, सानपाडा, खारघर भागातल्या सहा नर्तकी. काही महिने तालीम करून ही मंडळी आली होती. मुली दमदार होत्या, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

काय बिघडलं ते कळायला या नाचाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. तीन डुनुन, म्हणजे लहान केंकेनी, मधला सांगबान आणि मोठा डुनुन्बा, ठेका धरतात. काठीने पान, म्हणजे ढोलाचं कातडं, वाजतं, दुसऱ्या हाताने घंटा. त्यावर मुख्य जेंबेवाला मोकळा फिरतो. नर्तकी एक पदन्यास घेऊन तोच पुन्हा पुन्हा करत राहतात. किती आवर्तनं करायची हे ठरलेलं नसतं. जेंबेवाला त्यांच्याकडे बघत असतो : उडी पुरेशी वर जातेय का, दम टिकलाय का, रंग भरलाय का. योग्य क्षण दिसला की तो एक ठरीव बोल वाजवतो. त्याला इथे सगळे ब्रेक म्हणतात. ब्रेक संपला की पुढच्या समेवर सगळ्यांनी एकदम पदन्यास बदलायचा. एकीचा एकल नाच सुरू झाला की तो तिच्या प्रत्येक पावलावर चापटी मारत जातो, म्हणजे पाय आणि हात एकाच वेळी पडतात. या सगळ्याचा प्राण त्या बघण्यात आहे.

आपल्या रंगमंचावर तो मागच्या चौथऱ्यावर होता. मुली पुढे सरळ रांगेत, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ त्याच्याकडे. त्याला सहा पाठी दिसत होत्या. मुलींना तो अजिबात दिसत नव्हता.

पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात त्याने ब्रेक वाजवला आणि दोघींनी पदन्यास बदलला, चौघींनी नाही. चौघी जुन्या पावलावर, दोघी नव्या. त्याने ब्रेक पुन्हा दिला. आता त्या दोघींना वाटलं हा पुढचा बदल, त्या तिसऱ्या पदन्यासात गेल्या. चौघींतल्या तिघी दुसऱ्यावर आल्या, एक जागच्या जागी थांबली. सांगबान वाजवणारा मुलगा चपापला आणि त्याची घंटा सुटली. सरांनी तिसऱ्यांदा ब्रेक देऊन सगळंच थांबवलं. प्रेक्षकांना वाटलं तुकडा संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुली त्या टाळ्यांत वाकून नमस्कार करत होत्या आणि त्यातल्या एकीचे डोळे भरले होते. उरलेला एकल नाच सरांनी गाळला.

कोण काय म्हणालं

रात्री सामान आवरताना जो तो आपापलं कारण सांगत होता, आणि प्रत्येकाच्या कारणात तथ्य होतं.

ध्वनी सांभाळणारा म्हणाला, प्रतिध्वनी. पटांगणासमोर रस्त्यापलीकडे काचेच्या दर्शनी भिंतीची एक इमारत आहे, रंगमंचापासून साधारण चाळीस मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन ऐंशी मीटर म्हणजे पाव सेकंदाला जरा कमी. आता ठेका मिनिटाला १२० मात्रांचा धरला, तर अर्धी मात्रा बरोबर पाव सेकंदाची होते. म्हणजे काचेवरून परत येणारी प्रत्येक थाप जवळजवळ अर्ध्या मात्रेवर येऊन बसत होती. स्पीकरचं तोंड त्या काचेकडेच होतं. ब्रेक दोनदा ऐकू येत असला तर चौघी चुकणारच, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

सर म्हणाले, पान उतरलं. खाडीजवळची हवा, डिसेंबरातलं दव. जेंबेचं पान बकऱ्याच्या कातड्याचं असतं आणि ते ओल धरतं. साडेआठच्या सुमाराला त्यांच्या जेंबेची चापटी बोथट झाली होती, आणि ब्रेक ओळखू येतो तो त्या कडक चापटीवरच. आपले हलगीवाले अशा वेळी कागद पेटवून हलगी शेकून घेतात. जेंबेच्या दोऱ्या ओढून पीळ घालायचा तर निवांत वेळ लागतो, ते काम रंगमंचावर होत नाही.

मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांचं मत होतं की तालीमच कमी पडली. मुली आठ-आठ मोजून शिकल्या होत्या, घरी मोबाइलवरच्या ध्वनिफितीवर सराव करत होत्या. ध्वनिफितीत ब्रेक नेहमी त्याच जागी येतो. सर मात्र प्रत्यक्षात तो कधी चार आवर्तनांनी देत, कधी सात.

हे तिन्ही मला पटत होतं, तरी समाधान होत नव्हतं. त्याचं कारण त्याच संध्याकाळचे आधीचे दोन प्रयोग.

तारपा आणि फ्लॅमेन्को

जव्हारच्या मंडळींनी आराखडा मानलाच नव्हता. तारपा हे तालवाद्य नाही. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते फुंकवाद्य. पण त्यावरचा नाच पायांच्या ठेक्याचा आहे, म्हणून त्यांना बोलावलं होतं. रंगमंचावर चिकटपट्टीने तारपकऱ्याची जागा आखलेली होती, मागे, चौथऱ्याजवळ. काका आले, पट्टीकडे बघितलं, आणि सरळ मधोमध जाऊन उभे राहिले. बायका-पुरुष हात गुंफून त्यांच्याभोवती फिरू लागले. तारपकरी वळला की साखळी वळते, त्याने सूर बदलला की पाऊल बदलतं. वारली चित्रांत हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे : तारप्याकडे पाठ करून कोणी नाचत नाही. कॅमेरावाला वैतागला, कारण त्याला अर्धा वेळ पाठीच दिसत होत्या. सोफ्यांवरही थोडी चुळबुळ झाली. पण काचेची इमारत त्यांनाही समोरच होती, हवाही तीच होती, आणि सबंध नाचात एक पाऊल चुकलं नाही.

फ्लॅमेन्कोची गोष्ट उलटी. तिथे वादक मागेच बसले होते, नर्तकी पुढे, पाठ त्यांच्याकडे. म्हणजे अगदी आफ्रिकी पथकासारखी मांडणी. तरीही ते चोख झालं. असं का? कारण फ्लॅमेन्कोत बदलाचा इशारा नर्तकी देते. ती पायांनी एक जोरकस तुकडा घेते, आणि गिटार, टाळ्या, काहोन तिच्या मागोमाग वळतात. काहोन ही लाकडी पेटी मूळची पेरूतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पाको दे लुसिया यांनी ती फ्लॅमेन्कोत आणली आणि आता ती तिथलीच होऊन गेली आहे. काहोनवाल्याला नर्तकीचे पाय दिसले की झालं. तिने मागे बघण्याची गरज नाही. आमच्या चौथऱ्यावरून तिचे पाय स्वच्छ दिसत होते.

इथे मला प्रकरणाचा गाभा सापडला असं मी मानतो. नाच आणि ताल यांच्या कार्यक्रमात मांडणी करण्याआधी एकच गोष्ट विचारायला हवी : बदलाचा इशारा कोण देतो आणि तो कोणी बघायचा असतो? जिथे पाय इशारा देतात तिथे वादकाला पाय दिसले पाहिजेत. जिथे वाद्य इशारा देतं तिथे नाचणाऱ्याला वादक दिसला पाहिजे. जिथे दोघेही एकमेकांना देतात तिथे समोरासमोर हवं. पोर्तो रिकोच्या बोंबा नाचात नर्तकी ढोलाला आव्हान देते आणि ढोलवाला तिच्या हालचालींना थापेने उत्तर देतो; तिथे त्या दोघांमध्ये मायक्रोफोनचा स्टँडसुद्धा आड येऊन चालत नाही.

आपल्याला हे नवं नाही. तमाशात ढोलकीवाला कधी मागे बसलेला पाहिलाय का? तो उभा असतो, नाचणारणीच्या बाजूला, किंचित तिच्याकडे वळलेला, नजर तिच्या पायांवर. ती चाळ वाजवते, हा तोडा देतो, हा तोडा देतो तिकडे ती गिरकी घेते. कथकमध्ये तबलजी बाजूला बसतो तोही याचसाठी. ढोल-ताशा पथकात तर प्रमुख पथकाकडे तोंड करून उभा राहतो, त्याची पाठ प्रेक्षकांकडे, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. ठेका बदलायचा तर ताशाचा इशारा आणि प्रमुखाचा हात, दोन्ही शेवटच्या ढोलापर्यंत पोचले पाहिजेत. ही समज आपल्या अंगात मुरलेली असताना जगभरातले कलाकार बोलावले की आपण त्यांना ऑर्केस्ट्राच्या चौथऱ्यावर बसवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, आफ्रिकी बॅले पथकंही रंगमंचावरच नाचतात. खरं आहे. गिनीचे नृत्यदिग्दर्शक फोदेबा केइता यांनी गावच्या वर्तुळातला नाच युरोपातल्या रंगमंचावर नेला आणि गिनी १९५८ साली स्वतंत्र झाल्यावर त्यांचं पथक पुढे त्या देशाचं राष्ट्रीय पथक झालं. पण त्या परंपरेतही एकल नाचाला मुख्य जेंबेवाला वाद्य गळ्यात अडकवून रांगेतून पुढे येतो, थेट नर्तकीपाशी. ती वाट आमच्या रंगमंचावर बंद होती, कारण जेंबे स्टँडला बांधलेला, त्यावर वायरचा मायक्रोफोन, आणि चौथऱ्याच्या कडेला मॉनिटरची, म्हणजे कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरची, रांग.

दुसऱ्या दिवशीचे बदल

सकाळी कार्यशाळा सुरू असताना मी मंडळापुढे नवी मांडणी ठेवली. सर चौथऱ्यावरून खाली, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, पुढच्या कोपऱ्यात, नर्तकींपासून चार पावलांवर. जेंबे पट्ट्याने खांद्याला, त्यावर बिनवायरचा छोटा मायक्रोफोन. तिन्ही डुनुन त्याच्यामागे तिरके. मुलींची रांग मोडून कमान, जिचं एक टोक सरांकडे वळलेलं. अशा मांडणीत सहाही जणींना डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचे हात दिसतात आणि त्यांना सहाही जणींचे पाय.

विरोध झाला तो दोन गोष्टींवरून. कोपऱ्यात वादक आले की प्रायोजकाचा फलक अर्धा झाकला जात होता. आणि कमान तिरकी झाल्याने मधल्या सोफ्यांना नर्तकी थोड्या बाजूने दिसणार होत्या. प्रायोजकाच्या माणसाशी मी स्वतः बोललो; फलक विंगेच्या वरच्या पट्टीवर गेला आणि त्यांची तक्रार राहिली नाही. सोफ्यांचा प्रश्न अवघड होता. शेवटी सोफे सरकवून मधल्या अक्षाच्या उजवीकडे नेले, तिथून कमान समोरून दिसते. एका पदाधिकाऱ्यांना हे आवडलं नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, पण अडवलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

बाकी दुरुस्त्याही केल्या. आफ्रिकी प्रयोग साडेआठवरून सव्वासातला आणला, दव पडायच्या आत. दुसरा जेंबे मागे दिव्याच्या उबेजवळ ठेवला. फ्लॅमेन्कोसाठी गालिचा काढून प्लायवुड टाकलं, कारण आदल्या दिवशी टाचांचा आवाज गालिच्यानेच गिळला होता. दुपारी सरांनी मुलींना मोजायचं नाही अशी अट घालून तालीम घेतली : एकच पदन्यास, ब्रेक कधी येईल ते माहीत नाही, फक्त माझ्या हातांकडे बघा. पहिल्यांदा हशा, मग चुका, मग शांतता, आणि हळूहळू सहाही जणी एका झटक्यात वळू लागल्या.

वेळेचंही गणित होतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही तेच लागू आहे. ढोलाला मायक्रोफोन नाही म्हणून तो दहानंतर चालेल, असा समज आमच्यातही होता. तो दूर करावा लागला. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निकालानंतर या भागात हे नियम कोणी हलक्यात घेऊ नयेत. पथकाचे ढोल कमी केले आणि त्यांची सांगता पावणेदहाला ठरवली.

काय झालं

सव्वासातला प्रयोग सुरू झाला. सरांनी ब्रेक दिला आणि सहा जणी एकदम वळल्या. पुढचा ब्रेक त्यांनी मुद्दाम लांबवला. मुलींच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं : त्या वाट बघत होत्या, हसत होत्या, उडी आणखी उंच जात होती. एकल नाचाला सानपाड्याची मुलगी पुढे आली, सर दोन पावलं तिच्याकडे सरकले आणि तिच्या पायांवर चापट्या पडू लागल्या. तिने एक पाऊल मध्येच रोखलं. त्यांचाही हात हवेत रोखला. मग दोन्ही एकदम खाली आलं, आणि पटांगणातून आरोळी उठली.

इतके बदल एकाच दिवशी केल्यावर नेमकं कशाने जमलं, हा प्रश्न योग्यच आहे. दव चुकवलं, तालीम झाली, जागा बदलली. प्रतिध्वनी तेवढा तसाच होता. स्पीकर आम्ही हलवले नव्हते आणि काचेवरून थापा तशाच परत येत होत्या. म्हणजे प्रतिध्वनी हे मूळ कारण नव्हतं, एवढं त्यातून ठरतं. बाकीचा उलगडा आपसूक झाला. शेवटी पाहुण्यांच्या आग्रहावरून छायाचित्रांसाठी पथकाने एक छोटा तुकडा पुन्हा केला. कोणीतरी मुलींना पुढे रांगेत उभं केलं, तोंड कॅमेऱ्याकडे. सर त्यांच्यामागे गेले. तोच नाच, तीच तालीम, पान कडक, वेळ जेमतेम पाऊण तासाने पुढे. ब्रेक आला आणि दोघी चुकल्या. सर हसले, मुलींनी आपणहून मागे वळून कमान धरली, आणि पुढचा ब्रेक चोख पडला.

उरलेलं काम

तिरक्या कमानीमुळे डाव्या बाजूच्या खुर्च्यांना सरांची पाठच जास्त दिसली. तिथल्या काही लोकांनी उठून जागा बदलली, आणि त्यांची नाराजी रास्त होती. तो कोपरा पुढच्या वेळी बसायला देऊ नये असं मी लिहून दिलं आहे. पथकांना पाठवायच्या अर्जात आजवर मायक्रोफोन किती, चहापाणी किती, एवढंच विचारत होतो. आता बदलाचा इशारा कोण देतो आणि कोणाला कोण दिसायला हवं, हे आधी विचारायचं ठरलं आहे. आराखडा त्या उत्तरांवरून होईल, कंत्राटदाराच्या साच्यावरून नाही.

तारप्याचा प्रश्न मात्र रंगमंचावर सुटणार नाही. काकांना विचारलं तर त्यांनी खालची मोकळी जमीन मागितली, भोवती माणसं. ते बरोबरच आहे. पण सपाट जमिनीवर चार रांगांपलीकडे काही दिसत नाही, त्यासाठी तीन बाजूंनी पायऱ्या बांधाव्या लागतील, आणि त्यांचा खर्च चौथऱ्यापेक्षा जास्त येतो. माझं मत मी मंडळाला दिलं आहे : चौथराच रद्द करावा आणि तो पैसा पायऱ्यांना लावावा. निर्णय अजून व्हायचा आहे.